४० लिटरची टाकी आणि २५ किलोची मर्यादा

आज आमच्या आयोवातल्या छोट्या ड्रोन-फवारणी व्यवसायाचा, वजनाच्या नियमातून सूट मागणारा अर्ज एकदाचा एफएएकडे, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाकडे गेला. डोळे चुरचुरतायत, पण मन हलकं झालंय.

अमेरिकेत धंद्याचे ड्रोन एफएएच्या पार्ट १०७ या छोट्या ड्रोनसाठीच्या नियमांवर उडतात, पण वजन भरल्या टाकीसकट ५५ पौंडांच्या, म्हणजे साधारण २५ किलोच्या आत हवं. आमच्या टाकीत नुसतं पाणीच ४० किलो! म्हणून हवाई कायद्याच्या कलम ४४८०७ खाली सूट मागायची. औषध फवारायला पार्ट १३७ चं प्रमाणपत्र वेगळं.

सगळ्यात जास्त वेळ एकाच प्रश्नावर गेला: मोटर मध्येच बंद पडली तर खाली कोण असेल? नकाशा पसरून शेताच्या कडेचं प्रत्येक घर, प्रत्येक रस्ता पेन्सिलीनं खुणावला. एफएएवाले हे विचारतात ते योग्यच आहे, असं मला मनापासून वाटतं.

अर्ज किमान १२० दिवस आधी द्यावा लागतो. बाहेर अजून बर्फ आहे, पण जुलैत मका तुऱ्यावर आला की बुरशीचं औषध तेव्हाच हवं, आणि डोक्यावर गेलेल्या पिकात ट्रॅक्टर घालवत नाही.

रात्री गावी फोन केला. बाबांनी एवढंच विचारलं, "पाठीवरचा पंप सुटतो का रे त्यानं?"

सुटतो, बाबा.