बघायला सगळे, सहीला कोणी नाही

कोपरखैरण्यात माझं कॅमेऱ्यांचं छोटं दुकान आहे. शटर निम्मा वेळ बंदच असतं, कारण मी कुठल्या तरी सोसायटीत शिडीवर असतो. कॅमेरे बसवायचे, डीव्हीआरची, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याची, हार्ड डिस्क बदलायची, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडायच्या. फुटेज काढून द्यायचं काम मात्र मला मनापासून आवडत नाही. त्यात चोरीबिरी क्वचित असते. गाडीला चरा कोणी पाडला, कचऱ्याची पिशवी कोणी टाकली, आणि सगळ्यात जास्त म्हणजे अमक्या फ्लॅटमधली मुलगी रात्री किती वाजता आली नि तिला सोडायला कोण आलं होतं, याचीच चौकशी. असल्या फुटेजला कोणाचं पत्र लागत नाही की ठराव लागत नाही. सेक्रेटरींचा फोन येतो, मी जातो, चार जण खुर्च्या ओढून बघत बसतात.

गेल्या डिसेंबरात एक दिवस असा आला की एका सोसायटीच्या त्याच ऑफिसात, त्याच खुर्च्यांवर, कायदा काढून बसावं लागलं.

पावसाळा सरला की आमच्याकडे खोदकामांच्या परवानग्या सुटतात. केबल, गॅस, पाणी, ज्याचं जे राहिलं असेल ते. या सोसायटीसमोरच्या रस्त्यावर असाच एक आडवा चर खणलेला होता. पहाटे आप्पा स्कूटरवरून मार्केटला निघाले होते. आप्पा माथाडी कामगार, भाजी मार्केटला. मार्केट तसं तुर्भ्यात, पण सगळे वाशी मार्केटच म्हणतात. अंधारात चर दिसला नाही, स्कूटरसकट आत गेले. मांडीचं हाड मोडलं, रॉड घालावा लागला.

त्यांची मुलगी माझ्याकडे आली ती दहाव्या दिवशी. आधी ती चौकातल्या खांबावरच्या सरकारी कॅमेऱ्याच्या मागे लागली होती. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथे तिला सांगितलं, अर्ज करा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. फुटेज किती दिवस राहतं, हे विचारल्यावर कोणी बोलेना. मग कोणीतरी सुचवलं की समोरच्या सोसायटीच्या फाटकावरही कॅमेरा आहे.

"दादा, दहा दिवस झालेत. असेल ना अजून?"

माझ्या पोटात गोळा आला, कारण हिशोब मला पाठ होता. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दोन एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिटच्या वेगाने, दिवसाला साधारण २१ जीबी खातो. असे सोळा कॅमेरे आणि डिस्क चार टीबीची. म्हणजे साडेअकरा दिवस. त्यानंतर डीव्हीआर कोणाला न विचारता जुन्यावर नवीन लिहायला लागतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली असती तर तिला परत पाठवावं लागलं असतं. दुकान बंद केलं, तिला मागे बसवलं आणि निघालो.

सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरी साहेब होते, आणि खजिनदार काकू पावत्या लावत बसल्या होत्या. काकू निवृत्त शिक्षिका. त्यांच्यासमोर मी अजूनही खुर्चीत नीट बसतो.

पहिलं काम घड्याळाचं. हा डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला नाही, त्यामुळे त्याचं घड्याळ हळूहळू पळत चौदा मिनिटं पुढे गेलेलं. नवखा माणूस आधी वेळ दुरुस्त करतो आणि तिथेच घोळ होतो. मी माझ्या मोबाइलवरची वेळ स्क्रीनला लावून दोन्हींचा एकत्र फोटो काढला, कागदावर फरक लिहिला आणि घड्याळाला हात लावला नाही.

रात्रीचं चित्र काळं-पांढरं. लेन्सच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा उजेड फाटकापुढे जेमतेम पोचणारा. चर दिसतच नव्हता, नुसता काळोख. साहेब म्हणाले, "यात काही नाहीये." तेवढ्यात तीन बावीसला एक पाण्याचा टँकर वळला आणि त्याच्या दिव्यांत सगळं उघडं पडलं. मातीचा ढीग, शेजारी चर, आडवा पडलेला एकुलता एक बॅरिकेड. रिफ्लेक्टर नाही, लाल दिवा नाही, कामाचा फलक नाही. टँकरवाल्याला रस्ता माहीत असावा, तो कडेने निघून गेला.

तीन छप्पनला, म्हणजे खरे तीन बेचाळीस, एक हेडलाइट आला. सरळ येता येता खाली गेला आणि समोरच्या भिंतीवर तिरका थांबला. आप्पांची मुलगी, ताई, काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "किती वेळ पडून होते?" मी पुढे सरकवत गेलो. दुधाचा टेम्पो थांबेपर्यंत अकरा मिनिटं. मधे दोन रिक्षा गेल्या होत्या.

मी थोडं मागचं-पुढचंही पाहिलं, सवयीने. आदल्या संध्याकाळी मजूर गेल्यावर एका गाडीने रिव्हर्स घेताना तो बॅरिकेड पाडला होता आणि रात्रभर कोणी उचलला नव्हता. आणि अपघातानंतर सकाळी सव्वाआठला एक जीप आली. दोघं उतरले, चार बॅरिकेड उभे केले, लाल-पांढरी पट्टी बांधली, फलक टेकवला. मग एकाने लांब जाऊन मोबाइलवर फोटो काढले, दोन बाजूंनी, आणि जीप निघून गेली. 'सुरक्षेची सर्व काळजी घेतली होती' याचा पुरावा म्हणून तो फोटो कुठल्या तरी फाइलीत लागला असणार, असं मला तरी वाटलं.

हे सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं, फाइलचा हॅश काढला. हॅश म्हणजे चौसष्ट अक्षरांची खूण. फाइलमध्ये कणभर बदल केला तरी ती खूण बदलते. असं फुटेज कोर्टात पुरावा म्हणून चालायला सोबत एक प्रमाणपत्र लागतं. ताईच्या वकीलबाईंनी त्याचा नमुना पाठवला होता. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. जुन्या कायद्यात हेच ६५-ब होतं. भाग 'अ'वर डीव्हीआर ज्यांच्या ताब्यात त्यांची सही, भाग 'ब' तज्ज्ञाचा.

इथे साहेबांनी चष्मा काढला.

"बघायला हरकत नव्हती. पण सही मी का करू? उद्या कोर्टात मला बोलावतील. शिवाय तो नवीन डेटाचा कायदा आलाय ना?"

तो, लोकांची वैयक्तिक माहिती जपायचा कायदा, २०२३ चा. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने. एवढं मला माहीत होतं, पण बोलल्या काकू. "मागच्या महिन्यात बी विंगमधली ती मुलगी रात्री कधी आली ते बघायला तुम्ही यांना बोलावलंत. तेव्हा कुठे होता हा कायदा?"

ऑफिसात शांतता. मी पेन ड्राइव्हचं टोपण शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकलो.

वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी जालन्याची केस सांगितली: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, २०२०. भांडण २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचं. उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर घेतला की आधी, हे निवडणूक अधिकाऱ्याच्याच कार्यालयातल्या व्हिडिओत होतं. पण पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. न्यायालय म्हणालं, प्रमाणपत्र हवंच. मात्र ज्याने सगळे प्रयत्न केले आणि ज्याच्या हातात ते नाही, त्याला त्यासाठी अडवता येणार नाही. कॅमेरा सरकारी, फुटेज सरकारी, चित्रात सरकारी माणूस, आणि सही मात्र नाही. ऐकून मला हसू आलं. आमचे साहेब एकटे नव्हते.

माझं पोट कॅमेऱ्यांवर आहे, त्यामुळे कॅमेरे नकोत असं मी म्हणणार नाही. पण त्याच चौकातल्या खांबाने त्याच आठवड्यात माझ्या स्कूटरचं चलन पाठवलं होतं, स्टॉप लाइन ओलांडली म्हणून. नंबर प्लेट स्वच्छ वाचता येत होती. चूक माझी, पैसे भरले. पण तो खांब मला ओळखतो आणि मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही. फुटेज किती दिवस ठेवतात, कोण बघतं, बंद पडला तर कोण जबाबदार, याचा फलक मी कुठल्याही खांबाखाली पाहिलेला नाही. पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रेकॉर्डिंग १८ महिने, निदान वर्षभर ठेवायला सांगितलं. म्हणजे आकडा ठरवून जाहीर करणं काही अवघड नाही. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचा आकडा आप्पांच्या मुलीला काउंटरवर कोणी सांगू शकलं नाही.

शेवटी सही काकूंनी केली. पण त्याआधी मला अर्धा तास उभं केलं. कुठला कॅमेरा, किती ते किती, त्यात आमच्या फाटकातून आत येणारं कोणी दिसतं का. एक जोडपं दिसत होतं, रात्री दीडला रिक्षातून उतरलेलं. "हे कशाला द्यायचं?" म्हणाल्या. तो तुकडा घेतला नाही. कमिटीचा ठराव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आणि साहेबांना खाली 'हजर' म्हणून सही करायला लावली. भाग 'ब'साठी वकीलबाईंनी दुसरा माणूस पाहिला. तज्ज्ञ म्हणून माझं नाव ऐकून त्या फोनवरच हसल्या होत्या.

एक प्रत पोलिसांकडे गेली, दुसरी भरपाईच्या अर्जाला जोडली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी रक्कम ठरवून दिली आहे: मृत्यूला ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. दावे बघायला आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती, आणि पैसे शेवटी जबाबदार कंत्राटदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायचे. खणलेला चर त्यात बसतो की नाही यावर वाद होणार, हे वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलंय. आप्पा काठी घेऊन चालतात. मार्केटला अजून जात नाहीत.

सोसायटीने आता आणखी चार कॅमेऱ्यांचं कोटेशन मागितलंय. मी त्यात एक ओळ घातली: फुटेज कोणी, कधी आणि कशासाठी पाहिलं याचं रजिस्टर, खर्च एका वहीचा. साहेबांनी ती ओळ खोडून परत पाठवली. काकूंनी ती पुन्हा लिहिली आहे. कोटेशन अजून मंजूर व्हायचंय.