बत्तीस बार गप्प

रविवारी दुपारी जेवण जरा जास्तच झालेलं, तरी प्रॅक्टिस करू म्हणून ऑर्केस्ट्राच्या एका ओव्हर्चरचा, म्हणजे सुरुवातीला वाजवायच्या रचनेचा, माझा पार्ट (त्यात फक्त माझ्या वाद्याचं लिहिलेलं असतं) स्टँडवर लावला तर पानावर एक जाड काळी आडवी पट्टी आणि तिच्या डोक्यावर आकडा ३२. म्हणजे बत्तीस बार गप्प बसायचं. बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा, इथे चार-चारचा. आता ह्याची घरी एकट्याने प्रॅक्टिस कशी करतात सांगा!

मी सेकंड क्लॅरिनेट, म्हणजे क्लॅरिनेट वाजवणाऱ्या दोघांतला दुसरा. इथे इंग्लंडात आमच्या गावाचा हौशी ऑर्केस्ट्रा आहे, मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जमतो, मधे चहा-बिस्किटं. फर्स्टवालीला सोलो, मला तिच्या खालचे सूर आणि मोजणं. वाजवणं एक वेळ हाताला बसतं हो, मोजणं कुठे बसतंय? एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार असं, म्हणजे पहिला आकडा तेवढा बदलत जातो, आणि मी मोजतो मराठीत, त्यामुळे जलद लयीत एकोणतीस आला की तोंडातल्या तोंडात नुसती धांदल. शिवाय मोजता मोजता वाद्य गार पडतं आणि सूर उतरतो, म्हणून मधून मधून आवाज न करता आत गरम फुंकर मारत राहायचं. काही लोक मोजतच नाहीत, कंडक्टरकडे श्रद्धेने बघत बसतात. असल्यांवर आपला भरवसा नाही.

लहानपणी मिरजेत मला तबल्याला घातलेलं. तिथे त्रितालात नवव्या मात्रेला खाली, हात हवेत फिरवायचा, आणि कितीही भरकटलात तरी सम, म्हणजे पहिली मात्रा, परत येतेच. इथे सम-बिम काही नाही, गेला बार तो गेला.

आणि वरातीतल्या बँडवाल्याला तर गप्प बसायची सोयच नव्हती. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, मे महिन्याचं ऊन, आणि आम्ही पोरं मुद्दाम समोर उभी राहून चिंच चोखणार, कारण बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं की पिपाणी बंद पडते अशी आमची खात्री. एकदा त्यातल्या क्लॅरिनेटवाल्या काकांनी वाजवता वाजवता खालचा हात पुढे केला, माझ्या हातातलं चिंचेचं बुटूक घेतलं, कोटाच्या खिशात टाकलं आणि गाणं कुठेही तुटलं नाही. तेव्हा वाटलं जादू. मधले काही सूर नुसत्या डाव्या हातावर निघतात हे कळायला मला चाळिशी उजाडली.

हे ओव्हर्चर ज्या कार्यक्रमात आहे त्यातच द्वोर्झाक ह्या संगीतकाराची नववी सिंफनी पण आहे, १८९३ची. त्यात झांजेचा अख्ख्या सिंफनीत एकच ठोका, शेवटच्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे भागात, तोही काही मोठा नाही, बेताचाच. आमचे झांजवाले आजोबा त्यासाठी पाऊण तास ताठ बसतात, वेळ आली की उठतात, झांज एकदा घासल्यासारखी वाजवतात, खाली बसतात, आणि लगेच आमच्या फर्स्टवालीचा सोलो सुरू होतो त्यामुळे लोक तिच्याकडेच बघतात. चहाच्या वेळी विचारलं, कंटाळा नाही येत? ते म्हणाले, कसला कंटाळा, मोजत असतो ना.

मागच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आईला पाठवला होता. तिचा लगेच फोन, "अरे तू तर नुसता बसलेलास!" आता तिला काय सांगणार. पार्ट भाड्याने आलेला असतो, आधीच्या कुणी कुणी पेन्सिलीने त्यावर काय काय लिहून ठेवलेलं असतं, ह्या बत्तीसच्या शेवटी कुणीतरी चष्मा काढलाय, म्हणजे बाबा रे इथे डोळे उघडे ठेव. त्याच्यावर अजून एकाने गिरवलाय.

पुढच्या सीझनला चायकोव्हस्कीची पाचवी सिंफनी लावलीये. तिची सुरुवातच दोन्ही क्लॅरिनेटनी, एकत्र, खालच्या जाड आवाजात, पहिल्या बारापासून. मोजायला काहीच नाही. आत्तापासून झोप उडालीये.