पाणी स्वच्छ होतं

ऑगस्टचा दुसरा आठवडा. डेंग्यूच्या पेशंटनी वॉर्ड भरून वाहत होता आणि प्लेटलेटचे आकडे विचारायला नातेवाइकांची सकाळपासून रांग लागायची. अशात रात्री अकराला कृष्णाकाठच्या एका गावातून 46 वर्षांच्या माणसाला आणलं. गावच्या दूध डेअरीचा सेक्रेटरी. ताप तीन दिवसांचा, आणि त्या संध्याकाळपासून बडबड. बायको म्हणाली, "संकलनाला बसले आणि येईल त्याच्या पावतीवर एकच खातेनंबर लिहायला लागले. सगळ्यांना चौदा."

पंधरा दिवसांपूर्वी दारू सोडलीय, त्याचंच असणार, असं भावाचं म्हणणं. कॅज्युअल्टीत केसपेपरवरही तेच उतरलं होतं. दारू सुटल्याचा भ्रम पहिल्या चार-पाच दिवसांत होतो, पंधरा दिवसांनी ताप घेऊन येत नाही. पण एकदा केसपेपरवर 'दारू' हा शब्द चढला की पुढचा प्रत्येक जण पेशंटकडे त्याच नजरेनं बघतो. याचा मला मनस्वी राग आहे.

तापमान 103. साखर, सोडियम, अमोनिया ठीक. मलेरिया नाही. प्लेटलेट उतरून 88 हजार, लिव्हरचं एसजीओटी चढून 340. ऑगस्टमध्ये हे आकडे बघितले की कुणीही डेंग्यू म्हणेल. आम्हीही म्हणालो, डेंग्यूची एनएस-1 टेस्ट निगेटिव्ह आली तरी म्हणत राहिलो. छाती साफ, ऑक्सिजन 96. सीटी स्कॅन नॉर्मल. एमआरआय बाहेरच्या सेंटरमध्ये, आणि तळमळणारा पेशंट तिथं स्थिर झोपणार नाही म्हणून तो आधी सकाळवर ढकलला, मग दुपारवर, मग दुसऱ्या दिवसावर.

मेंदूत जंतुसंसर्ग आहे का ते बघायला पाठीतलं पाणी मात्र मी रात्री दीडलाच काढलं. त्याआधी पाऊण तास भावाची समजूत घालण्यात गेला. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो' ही भीती आपल्याकडे किती जणांचे उपचार लांबवते, त्याची गणती नाही. वॉर्डबॉयचं काम करणाऱ्या दोन मामांनी पेशंटला कुशीवर धनुष्यासारखा वाकवून धरला. कमरेच्या हाडाच्या रेषेत मणक्यांमधली फट बोटानं शोधायची, सुई बेंबीच्या दिशेनं रोखायची आणि पडदा ओलांडताना बोटांना जो हलका 'टक' लागतो त्याची वाट बघायची. पहिल्याच प्रयत्नात लागला. थेंब काचेसारखे स्वच्छ. पहाटे रिपोर्ट आला : पेशी 4, म्हणजे नॉर्मल, साखरही नॉर्मल. मी सुटकेचा श्वास टाकला. हर्पिस विषाणूसाठी असायक्लोव्हिर आणि स्क्रब टायफस या तापासाठी डॉक्सी आधीच सुरू केलं होतं, तेच चालू ठेवलं.

त्याच रिपोर्टात खालच्या ओळीत प्रोटीन 142 होतं. 45 च्या आत हवं. मी ते वाचलं होतं. वाचलं आणि पुढे गेलो.

दुसऱ्या रात्री पहाटे पाचला त्याला फिटचा झटका आला. आवरतो न आवरतो तोच रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "सर, त्यांच्या मिसेसचा आवाज ऐकलात का?" बाहेर जाऊन बघितलं. बाई बाकावर बसून खोकत होती, घसा पार बसलेला. "घरात सगळ्यांनाच आहे हो, पोरंपण खोकतायत. फ्लूच आहे साधा."

पाच मिनिटांत पेशंटच्या नाकातला स्वॅब घेतला. काडी नाकात वरच्या दिशेनं नाही, कानाच्या रोखानं आडवी न्यायची, मागं टेकली की थांबून फिरवायची. निम्मे स्वॅब नाकपुडीतूनच परत येतात आणि मग रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून फाईल बंद होते. रिपोर्टची वाट न बघता फ्लूवरच्या ओसेल्टामिविर 75 ची कॅप्सूल फोडून नाकातून पोटात जाणाऱ्या रायल्स ट्यूबमधून दिली. संध्याकाळी स्वॅब पॉझिटिव्ह : इन्फ्लुएंझा ए, एच-1-एन-1, म्हणजे स्वाइन फ्लू. पाठीच्या पाण्यात मात्र विषाणू सापडलाच नाही. बहुतेकदा सापडत नाही. फ्लूमुळे मेंदूला होणाऱ्या या आजारात विषाणू मेंदूत ठाण मांडत नाही. त्याच्याशी लढताना शरीरानंच पेटवलेला दाह मेंदूतल्या रक्तवाहिन्या झिरपत्या करतो. म्हणून पाण्यात प्रोटीन वाढतं, पेशी वाढत नाहीत. तो आकडा 142 माझ्याशी बोलत होता.

एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागातले दोन्ही थॅलॅमस सुजलेले, डावा-उजवा अगदी आरशातल्यासारखे. हे चित्र 1995 मध्ये जपानच्या मिझुगुचींनी लहान मुलांमध्ये वर्णन केलं. मोठ्यांत ते विरळा, आणि जीव जाण्याचा धोका मोठा. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज एक ग्रॅम, पाच दिवस. नऊ दिवस व्हेंटिलेटर.

2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. त्या साथीनं आम्हाला फ्लू छातीत शोधायला शिकवलं. तेव्हापासून ऑक्सिजन बरा असला की फ्लू आमच्या यादीतून आपोआप गळतो. तापात बरळणाऱ्या माणसाचा नाकातला स्वॅब पहिल्याच रात्री जायला हवा. आम्ही जंतू डोक्यात शोधत होतो. जपानी मुलांच्या अभ्यासात स्टेरॉइड पहिल्या 24 तासांत मिळालेल्यांचं, मेंदूचा देठ शाबूत असेल तर, पुढे बरं चाललं. माझे 30 तास स्वॅबपाशी पोचण्यातच गेले. स्टेरॉइड त्याच्याही नंतर. मोठ्यांना ते गणित लागू पडतं का, याचं उत्तर एका पेशंटवरून मिळत नाही. तरी मी ते तास रोज मोजतो.

तो 27 व्या दिवशी घरी गेला. दिवाळीनंतर तपासायला आला, चालत. हातात ताकद चांगली, बोलणं सावकाश. पूर्वी दोनशेवर सभासदांचे खातेनंबर तोंडपाठ होते, आता बायको शेजारी बसून रजिस्टरमधून वाचून दाखवते. मी विचारलं, "चौदा नंबर कुणाचा?"

तो बराच वेळ विचार करत राहिला. मग बायकोकडे बघितलं.

"आपलाच की ओ," ती म्हणाली.