पातळ काप

अकरावीच्या प्रॅक्टिकलला बाईंनी सूर्यफुलाच्या खोडाचे आडवे काप घ्यायला लावले. मी खोड गाजरात धरलं, ब्लेड फिरवलं आणि पहिल्यांदा अंगठाच कापला. नंतर जे निघालं ते चकतीएवढं जाड. सूक्ष्मदर्शकात नुसता लाल काळोख! "अरे, भाजी चिरतोयस का?" बाई म्हणाल्या.

तेरड्याच्या देठातून लाल शाई चढताना बघितली होती, त्यामुळे जलवाहिन्या डोक्यात पक्क्या बसल्या. पानांत तयार झालेलं अन्न झाडभर नेणाऱ्या रसवाहिन्यांना कोण विचारतो? 'फरक स्पष्ट करा'चे दोन गुण, संपलं.

पुढे एम.एस्सी.ला वनस्पतिशास्त्रज्ञ कॅथरीन ईसॉ यांचं 'प्लँट ॲनाटॉमी' हे वनस्पतींच्या अंतर्रचनेवरचं पुस्तक हाती आलं. या बाईंनी अख्खी हयात त्याच रसवाहिन्यांपायी घातली होती! जन्म १८९८चा, आजच्या युक्रेनमधल्या द्नीप्रोचा. वडील तिथले महापौर. क्रांतीनंतर घरादारावर पाणी सोडून जर्मनी गाठली, १९२२ साली अमेरिका. कॅलिफोर्नियात साखर कंपनीत नोकरी. काम काय, तर 'कर्ली टॉप' या विषाणूरोगापुढे टिकणारं साखरबीट तयार करायचं. रोग पसरवणारे तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे किडे. पुढे डेव्हिसला विद्यापीठात आल्या, तर तिथे रोगट तुडतुडे रानात सोडायची सोय नाही, शेजारच्या बिटांना लागण झाली असती. मग रान सुटलं आणि सूक्ष्मदर्शक हाती आला. विषाणू रसवाहिन्यांत काय नासधूस करतो हे ओळखायचं, तर निरोगी रसवाहिनी कशी घडते ते आधी कळायला हवं. त्या तिथे जाऊन बसल्या त्या बसल्याच. पुस्तक आलं १९५३ साली. साठी उलटल्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक शिकल्या. अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं १९८९ मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी. फारच उशिरा, असं माझं मत.

त्या सुट्टीत गावी गेलो तर आमच्या उसात गवताळ वाढ. बुंध्याशी पांढुरक्या, बारीक फुटव्यांचे झुबके. आबा वैतागलेले. मी ऐटीत सांगितलं, "रोग रसवाहिन्यांत असतो. बेण्यातून येतो, तुडतुडेही पसरवतात."

"कुठं असती ती रसवाहिनी? दाव की."

आबांच्याच दाढीचं ब्लेड घेतलं आणि ओसरीवर बसलो. पहिला काप जाडच आला.