आमची वाटचाल : ड्रिलपासून नटाच्या वेल्डिंगपर्यंत

धुळ्याकडच्या खेड्यातून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, बोल्ट तुटी गया." आमचा पहिला प्रश्नही ठरलेला: किती बाहेर आहे?

आमचं वर्कशॉप छोटं आहे आणि आता जवळजवळ एकाच कामावर चालतं. पिकअपच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाचे) तुटलेले बोल्ट आम्ही हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग ज्यात हे बोल्ट बसतात, न उतरवता काढतो. शक्य असेल तर गाडी जिथे उभी आहे तिथेच, म्हणजे शेतकऱ्याच्या खळ्यात नाहीतर जिनिंगच्या आवारात. सुरुवातीला आम्ही सगळीच इंजिनची कामं घ्यायचो. हे एक काम इतर गॅरेजवाले नको म्हणायचे, म्हणून ते आमच्याकडे साठत गेलं.

उन्हाळ्यामुळे बोल्ट तुटतात, असं खानदेशात सर्रास म्हटलं जातं. भुसावळच्या ४५ अंशांचा इथे काही संबंध नाही. भरलेली गाडी कन्नडच्या घाटात दुसऱ्या गिअरला रडत चढते तेव्हा मॅनिफोल्ड चारशे-पाचशे अंशांवर जातो. मॅनिफोल्ड बिडाचा असतो. अर्धा मीटर लांबीचा तुकडा साडेचारशे अंशांनी तापला तर सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो. हेडला मात्र पाणी थंड ठेवतं, त्यामुळे त्याच लांबीत ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास वाढतं. हा फरक दोन्ही टोकांना वाटला जातो आणि बोल्टाला दर फेरीत आडवा वाकवतो. म्हणून आधी टोकाचे बोल्ट जातात, मधले मागाहून. त्यात काही चालक घाट उतरून आल्या आल्या तापल्या इंजिनावर पाण्याचा पाइप धरतात. त्याने मॅनिफोल्डला चीर जाते किंवा तो पिळतो, आणि पिळलेला मॅनिफोल्ड नव्या बोल्टालाही सुखाने राहू देत नाही.

बोल्ट तुटल्याचं कानाला आधी कळतं. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की टक-टक आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, कारण लोखंड वाढून फट बुजते. पुष्कळ जण याला टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) आवाज समजून टॅपेट सेट करून घेतात. गॅसकेटच्या (मॅनिफोल्ड आणि हेडमधल्या पत्र्याच्या) कडेला काळी काजळी दिसली की शंका उरत नाही. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा) असेल तर गाडी चढाला ओढत नाही, कारण टर्बोला फिरवणारा वायू आधीच बाहेर निसटलेला असतो.

आता काम. सुरुवातीची काही वर्षं आम्ही ड्रिल आणि इझी-आउट (तुटलेल्या बोल्टात घालून उलटं फिरवायचं उलट्या आट्यांचं हत्यार) वापरायचो, सगळेच वापरतात म्हणून. आज इझी-आउट आमच्या पेटीत नाही. कारण साधं आहे: बोल्ट गंजून आट्यांत बसलेला असतो, त्यात भोक पाडून निमुळता इझी-आउट ठोकला की बोल्टाची पातळ भिंत बाहेर फुगते आणि आट्यांत आणखी आवळते. मग जोर लावला की इझी-आउटच मोडतो. तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं. तिथून पुढे कार्बाईडच्या बरने (फिरत्या कानशीने) कण कण खरवडणं किंवा हेड उतरवून ठिणगीने धातू झिजवणाऱ्या स्पार्क मशीनवर नेणं, एवढंच उरतं. तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं.

आमची आजची पद्धत नट वेल्डिंगची आहे. आदल्या संध्याकाळी बोल्टाच्या मुळाशी रस्ट स्प्रे मारून ठेवायचा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा मारायचा. स्प्रेने काम होतं असं नाही, मदत होते. सकाळी वायर ब्रशने काजळी काढायची. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडायची. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) असलेल्या गाडीत त्याचेही कनेक्टर काढायचे. वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प चेसिसला लावायचा नाही, हेडवरच, बोल्टाच्या जितका जवळ तितका. करंट टर्बोच्या किंवा क्रँकच्या बेअरिंगमधून गेला तर तिथे खड्डे पडतात आणि ते महिन्याभराने कळतं. डिझेलच्या पाइपांवर ओलं गोणपाट आणि हाताशी अग्निशामक, हे दोन्ही नसेल तर आम्ही काम सुरूच करत नाही.

एम ८ चा (८ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट पाच मिलिमीटर बाहेर असेल तर त्यावर एम १० चा नट ठेवतो. भोक थोडं मोठं असल्याने रॉड तळापर्यंत पोचतो. २.५ मिलिमीटरचा रॉड आणि ८० अँपिअरच्या आसपास करंट. आधी बोल्टाच्या मध्यावर चाप (वेल्डिंगची ठिणगी) धरायचा, तिथे लोखंड वितळलं की मग नटाच्या भिंतीकडे यायचं. नटावरून सुरुवात केली तर नट छान वितळतो, बोल्ट थंड राहतो आणि फिरवताच जोड सुटतो. नवशिक्यांची नव्वद टक्के कामं इथेच फसतात (आकडा आमच्या अंदाजाचा आहे). खरं काम वेल्डिंगची ताकद करत नाही, तिची उष्णता करते. बोल्ट लाल होतो, फुगायला पाहतो, हेड त्याला जागा देत नाही, म्हणून तो आतल्या आत दबतो, आणि थंड होताना मूळ मापापेक्षा किंचित बारीक होतो. गंजाची पकड तिथेच तुटते.

लाली गेल्यावर, पण गरम असतानाच, नटाच्या बुडाशी मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मग रिंग पाना लावायचा आणि आधी आवळण्याच्या दिशेने किंचित हलवायचा, मग सोडायच्या दिशेने. आठवा हिस्सा फेरा पुढे, आठवा मागे. बोल्ट किरकिरला की थांबायचं, स्प्रे मारायचा, परत. सलग सोडत नेलं तर तो आतल्या बाजूला पुन्हा तुटतो. नट निघाला तर दुसरा जोडायचा. तिसऱ्या-चौथ्या नटाला बोल्ट निघणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि दर वेळच्या तापण्याने तो सैलच होत असतो.

बोल्ट हेडच्या पातळीत तुटला असेल तर आधी त्याच्यावर रॉडचे छोटे ठिपके एकावर एक टाकून दोन-तीन मिलिमीटरचा खुंट उभा करायचा, मग वॉशर, मग नट.

आणि आत खोल तुटला असेल तरच ड्रिल. इथे आम्ही लेथवर एक बुश करून घेतो: बाहेरचं माप मॅनिफोल्डच्या भोकाइतकं, आत ३.२ मिलिमीटरचं सरळ छिद्र. मॅनिफोल्ड जागेवर दोन चांगल्या बोल्टांनी धरायचा, बुश भोकात घालायचा आणि त्यातून ड्रिल करायचं. मग ड्रिल मध्यातून सरकत नाही. पुढे ५, मग ६.५. एम ८ च्या १.२५ पिचला (दोन आट्यांमधल्या अंतराला) टॅपचं, म्हणजे आटे पाडायचं, भोक ६.८ असतं, त्याच्या अलीकडेच थांबून उरलेली साल पंचाने आत वळवून काढतो. कोबाल्टचा बिट, कमी स्पीड, कटिंग ऑइल. बिटवर खोलीची टेपची खूण हवीच, कारण काही इंजिनांत त्या भोकामागे पाण्याची वाट असते. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची नव्या आट्यांची तारेची गुंडाळी.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराच्या कडक नियमांच्या) गाड्यांनी आमचं काम बदललं. मॅनिफोल्डशेजारी ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि उष्णता अडवणारे पत्रे असतात, सेन्सरच्या वायरी लोंबत असतात, आणि हात जाईल तिथे वेल्डिंगचा होल्डर जात नाही. जुन्या पिकअपचा एक बोल्ट तासात होतो. इथे आधी दोन तास नुसतं उघडण्यात जातात. म्हणून आम्ही बोल्ट काढण्याचा आणि उघडझाकीचा दर वेगवेगळा लावतो.

जोडताना फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि सरळ पट्टी घेऊन मॅनिफोल्ड तपासायचा. फट गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर लेथवाल्याकडून फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करून घ्यायचं. हे टाळलं की बोल्ट परत तुटणार, आणि दोष आमच्यावर येणार. गॅसकेट नेहमी नवं. बोल्ट एकच तुटला असला तरी सगळे बदलायचे, बाकीचेही तितकेच थकलेले असतात. आट्यांना उष्णता सोसणारं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) थोडंसं लावायचं. ते लावल्यावर आटे निसटते होतात, म्हणून टॉर्क (आवळण्याचा जोर) कोरड्या आट्यांच्या आकड्यापेक्षा कमी ठेवावा लागतो. एम ८ ला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर धरतात, पण त्या इंजिनाचा आकडा पाहूनच. मधून टोकांकडे, तीन फेऱ्यांत. नंतर एकदा पूर्ण तापवून, पूर्ण थंड करून पुन्हा तपासणी.

बोलवायचं असेल तर तोपर्यंत वाइस ग्रिप किंवा छिन्नी लावू नका. गोल झालेला खुंट आम्हालाही जड जातो. फोटो पाठवा, आणि फोटोत बोल्टाशेजारी एक रुपयाचं नाणं धरा. किती बाहेर आहे ते आम्हाला इथूनच कळतं, आणि कोणता नट घेऊन निघायचं तेही.