तेलाचे डबे आणि एमबीए

एमबीएला ऑपरेशन्स (म्हणजे माल मागवणं, साठवणं, बनवणं आणि पोहोचवणं यांचं नियोजन) घेतलं तेव्हा वर्गातली बहुतेक मुलं मार्केटिंग आणि फायनान्सला गेली होती. घरी काकांनी विचारलं, "यात नोकरी कसली गं मिळणार?"

दुसऱ्या सेमिस्टरला फोर्ड हॅरिस यांचं १९१३ सालचं सूत्र शिकलो: एका वेळी किती माल मागवला की खर्च सगळ्यात कमी येतो. सुट्टीत बार्शीला गेले, तेव्हा आमच्या दुकानाच्या वहीवरच ते लावून पाहिलं. वर्षाला १२०० डबे तेल, प्रत्येक खेपेला ६०० रुपये खर्च, डबा वर्षभर ठेवायला ३६ रुपये. उत्तर आलं २०० डबे, म्हणजे दोन महिन्यांनी एक खेप. दुकान सांभाळणारे आप्पा गेली वीस वर्षं अगदी तेवढेच मागवत होते! मला भरूनच आलं.

मग चाकणच्या एका कारखान्यात दोन महिने इंटर्नशिप. गोदामात उभं राहून मोजदाद करताना कळलं, की कॉम्प्युटरवरचा साठा आणि रॅकवरचा साठा जुळवणं हेच अर्धं काम. आज मी सप्लाय प्लॅनर आहे, म्हणजे कोणता माल कधी आणि किती लागेल ते ठरवते. खरेदी, गोदाम, वाहतूक, उत्पादन नियोजन, सगळीकडे या शिक्षणाला वाव आहे. गर्दी बघून स्पेशलायझेशन निवडू नका रे. आधी एखाद्या गोदामात आठवडाभर काढून बघा.