'घरच्यांनी आधीच मागवलंय'

आज आईच्या फोनवर आलेला एक कॉल स्पीकरवर पूर्ण ऐकला. पडल्यावर बटण दाबलं की मदत येते, ते गळ्यात घालायचं यंत्र. म्हणे मोफत आहे, घरच्या कुणीतरी आधीच मागवलंय, फक्त कार्डाचा नंबर सांगा. 'घरच्या कुणी म्हणजे कोण?' विचारल्यावर फोन कट!

चाल जुनीच. अमेरिकेत २०१४ साली फेडरल ट्रेड कमिशननं (ग्राहकांची फसवणूक रोखणारी तिथली सरकारी संस्था) अशाच एका टोळीला कोर्टात खेचलं होतं. रेकॉर्ड केलेला आवाज, 'मोफत' यंत्र आणि मागून दरमहा वसुली.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. म्हातारपणी पडायची भीती खरी असते, आणि 'मुलांना त्रास नको' हा संकोच त्याहून मोठा. हे लोक नेमकं तिथंच बोट ठेवतात.

स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरवर जाऊ नका, तो खोटा दाखवता येतो. 'कॉल नको असल्यास अमुक बटण दाबा' म्हणाले तरी दाबू नका. नंबर चालू आहे हे त्यांना कळतं, बाकी काही होत नाही.

आईला एकच वाक्य दिलंय: "डॉक्टरांना विचारते," आणि फोन ठेवायचा. तिनं विचारलं, "ठेवण्याआधी दोन शिव्या हासडल्या तर चालतील का?"